सासूला काही नाही, सुनेला फोड: काजूच्या तेलाची एक केस

पेशंट २६ वर्षांची. माहेर सांगली जिल्ह्यात जतकडे, सासर आमच्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, पदरात दहा महिन्यांचं बाळ. मार्च महिन्यात ती माझ्या क्लिनिकला आली तेव्हा दोन्ही डोळे सुजून जवळजवळ मिटलेले, उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एका रेषेत पाण्याचे फोड, बोटांच्या बेचक्यांत लाल ओलसर कातडी, आणि मानेची फक्त डावी बाजू पेटल्यासारखी लाल. ताप नाही. दुखत होतं त्यापेक्षा खाज जास्त, इतकी की रात्री झोप नाही. सोबत नवरा आणि सासू. नवऱ्याचा पहिला प्रश्न, हे बाळाला लागेल का.

तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. आणि हे लिहायचं कारण म्हणजे दर काजूच्या सीझनला अशा बायका येतात आणि बहुतेकींना आधी कुणीतरी "तुझी स्किन नाजूक आहे" एवढंच सांगून पाठवलेलं असतं. हे काही उत्तर नाही. हिच्या कातडीत नेमकं काय झालं ते नीट समजून घेतलं तर उपचार किती दिवस द्यायचे, पुढे काय टाळायचं, काय खाल्लेलं चालतं, हे सगळं त्यातूनच निघतं.

हिस्ट्री

घरची काजूची बागायत आहे, डोंगराच्या उतारावर. बी पिकून पडायच्या आधी, म्हणजे साधारण जानेवारीच्या शेवटापासून, कच्ची हिरवी बी फोडून ओले गर काढायचे आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नेऊन विकायचे हा सासूचा वर्षानुवर्षांचा धंदा. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, ओला गर काढायचा म्हणजे बी विळीवर उभी चिरायची, अंगठ्याने गर उचलायचा आणि वरची पातळ साल सोलायची, आणि चिरताना टरफलातून चिकट तेल बाहेर येतं ते बोटांना लागणारच, त्यातून सुटका नाही. सासू बसायच्या आधी हाताला खोबरेल चोपडते, चुलीतली राख बाजूला घेऊन बसते आणि थोड्या थोड्या बिया झाल्या की बोटं राखेत घालते.

त्या रविवारी एका लग्नाची ऑर्डर होती, उसळीसाठी बरेच गर लागणार होते, म्हणून सूनही बसली. बाळ मधे मधे रडत होतं त्यामुळे तिला सारखं उठावं लागत होतं, उठताना खांद्यावरच्या नॅपकिनला हात पुसायचे, बाळाला घ्यायचं, परत येऊन बसायचं. तेल-राख वगैरे तिने काही केलं नाही, घाईत राहिलं. सोमवारी काहीच नाही. मंगळवारी सकाळी बोटांच्या मधे खाज, बुधवारी उठली तर डोळे उघडेनात.

जवळच्या एका डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून पाच दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या आणि खाजेची गोळी दिली. तिसऱ्या दिवसापर्यंत छान उतरलं. गोळ्या संपल्या आणि दोन दिवसांत आधीपेक्षा दुप्पट उसळलं. या मधल्या काळात शेजारणीने हातावरचे रेषेतले फोड बघून नागीण आहे म्हणून सांगितलं, गेरू लावला गेला, आणि नागीण बाळाला होईल या भीतीने तिने बाळाला अंगावर पाजायचं बंद केलं होतं. फोडांपेक्षा याचा तिला जास्त त्रास होत होता, छाती दाटून आलेली, बाळ वरच्या दुधाला तोंड लावत नव्हतं.

नागीण नाही हे सांगणं सोपं होतं. नागीण नसेच्या पट्ट्यातून येते, शरीराच्या एकाच बाजूला, आणि बहुतेक वेळा फोडांच्या आधी आग आणि ठणका असतो. इथे दोन्ही डोळे, दोन्ही हात, मान. रेषेत फोड आले कारण तेलाचा ओघळ किंवा तेलकट बोट जसं फिरलं तशी रेष उठली. फोडांतल्या पाण्यात तेल नसतं, त्यामुळे ते पाणी लागून दुसऱ्याला काही होत नाही, तिचं तिलाही पसरत नाही. हे सांगितल्यावर आधी बाळाला पाजायला घेतलं, बाकीचं नंतर बोललो.

मग मी विचारत गेले. याआधी कधी बी फोडली होतीस? हो, लग्न झालं त्या पहिल्या सीझनला, दोन-तीन आठवडे रोज. तेव्हा काय झालं? काही नाही, बोटं काळी पडली, साल निघाली, बस. पुढच्या सीझनला ती बाळंतपणासाठी माहेरी होती. मग मी विचारलं, माहेरी असताना कशाने उतलं होतं का कुठे? यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, हो, टाचेच्या भेगांना आईने बिब्बा लावला होता, दोन दिवसांनी अख्खं पाऊल सुजून फोड आले, सगळे म्हणाले बिब्बा उतला. आणि मे महिन्यात आंबे चोखून खाल्ले की ओठांच्या कडेला पुरळ येतं, ते ती उष्णता समजत होती.

माझ्या दृष्टीने निदान इथे झालं. काजू, बिब्बा, आंबा ही तिन्ही एकाच घराण्यातली झाडं आहेत, ॲनाकार्डिएसी. याच घराण्यात आपला अंबाडा येतो, चारोळी येते, पिस्ता येतो. अमेरिकेतली कुप्रसिद्ध पॉयझन आयव्ही, जिला हात लागला की असेच फोड उठतात ती वेल, आणि जपानमधलं लाखेचं झाडही याच घराण्यातलं.

तेलात काय असतं

काजूच्या टरफलाला बाहेरचा आणि आतला असे दोन कडक थर असतात, मधे बारीक कप्प्यांचा मऊ थर, तेल त्यात भरलेलं. कच्च्या बीच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग ॲनाकार्डिक ॲसिडचा, त्यानंतर कार्डॉल आणि थोडं कार्डानॉल. ॲनाकार्डिक ॲसिड म्हणजे ढोबळपणे सॅलिसिलिक ॲसिड, तेच जे ॲस्पिरिनच्या मुळाशी आहे, त्याला पंधरा कार्बनची लांब शेपटी. ही शेपटी महत्त्वाची. ती तेलात विरघळणारी असल्यामुळे हे रेणू कातडीच्या वरच्या थरातून सहज आत शिरतात, पाण्याने धुतले जात नाहीत आणि कपड्याला लागले तर खूप दिवस तिथेच राहतात. बी भाजली की ॲनाकार्डिक ॲसिडमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल बनतं, पण कार्डॉल तसंच राहतं, आणि भाजताना जो काळा धूर येतो त्यात तेलाचे बारीक थेंब असतात. म्हणून परसात बी भाजणाऱ्यांच्या पापण्या सुजतात, हात न लावता.

बिब्ब्यात याचेच चुलत भाऊ असतात, भिलावानॉल, आणि ते पॉयझन आयव्हीतल्या उरुशिऑलच्या अगदी जवळचे. उरुशिऑलची रचना जपानी केमिस्ट रिको माजिमा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात उलगडली, लाखेचं काम करणाऱ्यांना होणारा हाच त्रास तिथे पिढ्यानपिढ्या माहीत होता. आंब्यात असे रेणू चिकात आणि सालीत असतात, गरात जवळजवळ नाहीत. म्हणून चोखून खाल्ला की ओठाला लागतं, आणि फोडी करून खाल्ला तर बहुतेकदा काही होत नाही.

या तेलाने दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली म्हणजे सरळ भाजणं. तेल तिखट आहे, ज्याच्या त्याच्या बोटांना ते चटका देतं, कातडी काळी पडून सोलते, जिथे लागलं तिथेच, आणि लवकर. सासूच्या बोटांना हेच आहे, आणि पहिल्या सीझनला सुनेला हेच झालं. दुसरी म्हणजे काँटॅक्ट ॲलर्जी, आणि ती पूर्णपणे इम्यून सेल्सची, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींची, करामत आहे.

पहिल्या सीझनला आत काय घडलं

बिब्ब्यातला भिलावानॉल त्वचेत गेला की ऑक्सिडाइझ होऊन क्विनोन बनतो. (काजूतल्या कार्डॉलला त्याआधी थोडा बदल व्हावा लागतो असं मानलं जातं, पण पोचतो तो त्याच वळणावर.) क्विनोन हा अतिशय चिकट स्वभावाचा रेणू, समोर आलेल्या प्रोटीनच्या सल्फरवाल्या टोकाला, म्हणजे सिस्टीनला, तो पक्का जोडला जातो. रेणू इतका छोटा असतो की एकट्याने तो इम्यून सिस्टीमच्या नजरेत येत नाही, पण आपल्याच प्रोटीनवर असा परका शिक्का बसला की ते प्रोटीन आता आपलं वाटत नाही.

क्विनोन बनताना आणि त्यानंतरही फ्री रॅडिकल्स तयार होतात, ज्याला आपण ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतो. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो कारण नुसता शिक्का बसून ॲलर्जी होत नाही, त्यासोबत धोक्याची सूचना जावी लागते, आणि ती सूचना इथून जाते. २०१२ मध्ये उंदरांवर झालेल्या एका कामात दाखवलं गेलं की अशा पदार्थांमुळे तयार होणारे ऑक्सिजन रॅडिकल्स त्वचेतल्या हायल्युरॉनिक ॲसिडच्या लांब साखळ्या तोडतात, आणि ते तुकडे टोल-लाइक रिसेप्टर नावाच्या, धोका ओळखणाऱ्या रेणूमार्फत डेंड्रिटिक सेल्सना, म्हणजे त्वचेतल्या पहारेकरी पेशींना, जागं करतात. जागे झालेले हे सेल्स आणि त्यांचे वरच्या थरातले भाऊबंद लँगरहान्स सेल्स शिक्का मारलेलं प्रोटीन घेऊन जवळच्या लिम्फ नोडमध्ये जातात, हाताचं असेल तर काखेत, आणि तिथे टी सेल्सना, म्हणजे हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना, दाखवतात. ज्या टी सेल्सना ते ओळखता येतं त्यांची संख्या वाढते आणि त्यातले काही मेमरी सेल्स म्हणून कायमचे राहतात. याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही. सुनेची बोटं काळी झाली, साल निघाली, आणि आत तिची तयारी पूर्ण झाली होती.

२०१६ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. उरुशिऑलसारखे तेलकट रेणू प्रोटीनला न चिकटताही थेट दाखवले जाऊ शकतात, लँगरहान्स सेल्सवरच्या सीडी-१-ए नावाच्या रेणूच्या खाचेत बसून, आणि त्याला उत्तर देणारे टी सेल्स आयएल-१७ आणि आयएल-२२ हे सूजेचा निरोप देणारे प्रोटीन सोडतात. ही पंधरा कार्बनची शेपटी अशा खाचेसाठीच केल्यासारखी आहे.

मग माहेरी बिब्बा लागला तेव्हा ते मेमरी सेल्स तयार होते. बिब्बा आणि काजू त्यांना वेगळे दिसत नाहीत, रचना तितकी जवळची आहे. एक-दोन दिवसांत ते त्वचेत जमा झाले, शिक्का असलेल्या स्वतःच्याच पेशी मारू लागले, सूज आली, पाणी सुटलं. बिब्बा खराब होता असं नाही, आईने चुकीचा लावला असंही नाही. ती त्या आधीच्या वर्षी काजूने सेन्सिटाइझ, म्हणजे ॲलर्जीसाठी तयार, झालेली होती आणि बिब्ब्याने ते उघड केलं. घरात कुणी तेव्हाच हे दोन धागे जोडले असते तर त्या रविवारी ती विळीवर बसली नसती.

शरीर काही गप्प बसून राहत नाही. पेशीत कीप-१ नावाचं प्रोटीन असतं, त्याच्यावर सिस्टीनची टोकं भरपूर, आणि ते एनआरएफ-२ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला धरून ठेवतं. क्विनोन येऊन कीप-१ च्या सिस्टीनला चिकटला की पकड सुटते, एनआरएफ-२ न्यूक्लियसमध्ये जातं आणि ग्लुटाथायोन, हीम ऑक्सिजनेज वगैरे बचावाची यंत्रणा वाढवतं. ग्लुटाथायोन क्विनोनला पकडून निकामी करतं. ज्या उंदरांमध्ये एनआरएफ-२ नसतं त्यांच्यात काँटॅक्ट ॲलर्जी जास्त जोरात होते. आणि हा संबंध इतका भरवशाचा आहे की नवीन केमिकल त्वचेला ॲलर्जी करेल का हे प्राण्यांशिवाय तपासायची एक मान्य टेस्ट याच एनआरएफ-२ वर उभी आहे, ओईसीडी या देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ती २०१५ मध्ये स्वीकारली. थोडं तेल लागलं तर हा बचाव पुरतो. तासनतास, राख न लावता, नॅपकिनने चोळून चोळून लागलं तर पुरत नाही.

मग सासूला का नाही

हा प्रश्न सासूनेच विचारला, आणि विचारताना आवाजात थोडी काळजी होती, थोडी शंका, सून कामाला कंटाळली तर नाही ना अशी. "आमकां कितेंच जायना गे बाय, इतली वर्सां फोडटां हांव." तिला खरं उत्तर द्यायलाच हवं होतं, कारण घरात परतल्यावर सुनेला तोंड द्यायचं होतं.

एक कारण साधं, राख आणि खोबरेल. खोबरेल तेल आधी लावलं तर काजूचं तेल थेट कातडीवर बसत नाही, राख वरचं तेल शोषून घेते. तिच्या अंगात जाणारा डोसच कमी. दुसरं, माणसामाणसात फरक असतो, काही लोक सहज सेन्सिटाइझ होतात, काही आयुष्यभर होत नाहीत. तिसरं कारण सगळ्यात रंजक आहे. १९४६ मध्ये मेरिल चेस यांनी दाखवलं की गिनीपिगला ॲलर्जी करणारा पदार्थ आधी खायला घातला तर नंतर त्वचेवर लावून ॲलर्जी होत नाही, पोटातून आलेल्या गोष्टीला इम्यून सिस्टीम सहन करायला शिकते. २००५ मध्ये इस्रायलमधून एक निरीक्षण आलं, तिथे आंबे काढायला आलेल्या अमेरिकन तरुणांना पुरळ उठलं, सोबतच्या इस्रायली मुलांना नाही. अमेरिकन मुलं आधी पॉयझन आयव्हीने सेन्सिटाइझ झालेली असणार, आणि इस्रायली मुलं लहानपणापासून आंबा खाऊन वाढलेली. आणि १९८९ मध्ये अमेरिकेतल्या काजू टरफल तेलाच्या कारखान्यातल्या कामगारांबद्दल लिहिलं गेलं की तिथे काम करत राहिल्यावर त्यांची पॉयझन आयव्हीची संवेदनशीलता कमी झाली.

सासू शेजारच्या सत्तरी तालुक्यातली मुलगी, म्हणजे लहानपणापासून याच डोंगरात वाढलेली, ओले गर खाता खाता टरफलाचा अंश पोटात गेलेला, रोज थोडं थोडं तेल हाताला. सुनेने लग्नाच्या आधी कच्ची काजूची बी हातात घेतलेली नव्हती. तिच्या इम्यून सिस्टीमची या रेणूशी पहिली ओळख कातडीतून झाली, तीही एकदम मोठ्या डोसने, आणि नंतर वर्षभराची गॅप. सासूच्या बाबतीत हेच घडलं हे मी छातीठोक सांगणार नाही, पण सगळं तिथे जुळतं. मात्र एक सांगते, याचा अर्थ सुनेने रोज थोडं थोडं तेल लावून सवय करावी असा अजिबात नाही. एकदा सेन्सिटाइझ झालेल्या माणसावर घरच्या घरी असला प्रयोग म्हणजे आगीत तेल.

हेच तेल औषध म्हणूनही वाचायला मिळतं

नवऱ्याने मोबाईलवर शोधलं होतं आणि तो गोंधळला होता, एकीकडे ॲनाकार्डिक ॲसिड अँटिऑक्सिडंट, सूज कमी करणारं, आणि इकडे बायकोचे डोळे सुजलेले. त्याने वाचलेलं खोटं नव्हतं. २००३ मध्ये बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या संशोधकांनी दाखवलं की ॲनाकार्डिक ॲसिड पी-३०० आणि पीकॅफ ही हिस्टोन ॲसिटिल ट्रान्सफरेज एन्झाइम्स अडवतं, म्हणजे जीन्स चालू करणाऱ्या यंत्रणेवरच हात ठेवतं. २००८ मध्ये दिसलं की पेशींमध्ये ते एनएफ-कप्पा-बी हा सूज वाढवणारा मार्ग दाबतं. झँथिन ऑक्सिडेज हे फ्री रॅडिकल तयार करणारं एन्झाइमही ते अडवतं. आणि मग २०१६ चं काम बघा: माणसाच्या न्यूट्रोफिल्सना, म्हणजे जंतू मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना, ॲनाकार्डिक ॲसिड दिलं तर त्यांनी सुपरऑक्साइड हा फ्री रॅडिकल जास्त बनवला, आपल्या डीएनएची जाळी बाहेर टाकली आणि बॅक्टेरिया जास्त मारले. एकाच रेणूने एका पेशीत ऑक्सिडंट कमी केले, दुसऱ्या पेशीत वाढवले.

यात विरोधाभास नाही. कुठली पेशी, किती डोस, किती वेळ, आणि कुठल्या वाटेने आत गेलं, यावर सगळं ठरतं. फ्री रॅडिकल्स काही वाईटच असतात असंही नाही, न्यूट्रोफिल जंतू मारतो तो त्यांच्याच जोरावर. डिशमधल्या पेशींवर ठरावीक मात्रेत शुद्ध रेणू टाकणं आणि कच्च्या तेलाने माखलेला नॅपकिन मानेवर तासनतास असणं, या दोन्हींना एकच "नॅचरल अँटिऑक्सिडंट" हे लेबल लावलं की लोकांचं नुकसान होतं. काजूच्या टरफलाचा अर्क किंवा बिब्ब्याचं तेल घरगुती म्हणून लावायला, घ्यायला सांगणारे मेसेज फिरतात, मला त्यांचा मनापासून राग येतो. बिब्ब्याचं औषध आयुर्वेदात आहे, पण शोधन करून, म्हणजे त्याचा विषारीपणा कमी करून, वैद्याच्या देखरेखीखाली. आणि आधी कधी उतला असेल तर नाहीच.

उपचार

पाच दिवसांचा कोर्स कमी पडला होता. टी सेल्सची ही रिॲक्शन दोन-तीन आठवडे चालते, गोळ्या मधेच थांबल्या की ती जिथे दाबली होती तिथून परत उसळते. मी प्रेडनिसोलोन ४० मिलीग्रॅमने सुरू करून हळूहळू कमी करत तीन आठवड्यांत बंद केलं. शुगर, बीपी बघितलं. या डोसला दुधात जाणारं औषध फार थोडं असतं, पाजायला हरकत नाही, हे लिहूनच दिलं कारण घरी कुणीतरी परत बंद करायला सांगणार याची खात्री होती. हातांना स्ट्राँग स्टिरॉइड मलम, चेहऱ्याला ते नाही, तिथे फक्त थंड पाण्याच्या घड्या. ओल्या जागांना पोटॅशियम परमँगनेटचं अगदी फिकट गुलाबी पाणी. खाजेच्या गोळीचा इथे फार उपयोग नसतो, ही खाज हिस्टामिनवर, म्हणजे ती गोळी ज्या रसायनाला अडवते त्यावर, चाललेली नसते. गेरू पूर्ण बंद.

आठव्या दिवशी ती आली तेव्हा डोळे उघडले होते, हात सुकत आले होते, पण मानेची डावी बाजू जशीच्या तशी. हे बसत नव्हतं, गोळी अख्ख्या शरीराला मिळते. मी तिला विचारलं बाळाला कुठल्या खांद्यावर घेतेस, ती म्हणाली डाव्या, आणि सहज खांद्यावरचा नॅपकिन काढून बाजूला ठेवला. तोच नॅपकिन. धुतला होता, दोनदा, पण साध्या पाण्यात पिळून, आणि कडेला तपकिरी डाग स्पष्ट दिसत होता, बोटाने चाचपलं तर तिथे कापड किंचित कडक लागत होतं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर असंच पुरळ उठायचं, धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खूण करायचे त्यामुळे, १९४३ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी त्यावर लिहिलं होतं. नॅपकिन टाकून दिला. विळीची मूठ, बसायचा पाट, बाळाला गुंडाळायचं जुनं लुगडं, सगळं गरम पाणी आणि भरपूर साबणाने धुवायला सांगितलं, हातात ग्लोव्हज घालून, आणि तेही नवऱ्याने. मान पाच-सहा दिवसांत निवळली.

पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर लावून बघायची तपासणी, केली नाही. कच्चं काजूचं तेल टेस्ट म्हणून पाठीवर लावलं तर ते स्वतःच भाजतं आणि नव्याने सेन्सिटाइझ करू शकतं, आणि हिची हिस्ट्री इतकी साफ होती की टेस्टने काही नवीन कळणार नव्हतं.

काजू खाऊ का, हा प्रश्न येतोच. नीट सोललेला, टरफलाचा तुकडा किंवा तेल न लागलेला गर खाल्लेला चालतो, ती खाते. धोका टरफलाचा. १९८२ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मुलांच्या बेसबॉल संघटनेने विकलेल्या काजूच्या पाकिटांत टरफलाचे तुकडे राहिले होते, ते मोझांबिकहून आलेले काजू, आणि ५४ लोकांना अंगभर असंच पुरळ उठलं, खाल्ल्यामुळे. मात्र काजूच्या गराची जी दुसरी ॲलर्जी असते, खाल्ल्या खाल्ल्या ओठ सुजणं, दम लागणं, चक्कर, ती गरातल्या प्रोटीनची असते, आयजीई नावाच्या अँटिबॉडीची, ती जीवघेणी असू शकते आणि तिचा या केसशी संबंध नाही. आंबा तिला फोडी करून खायला सांगितला, सोलायचा दुसऱ्याने. बिब्बा कायमचा बंद, आणि हे माहेरी फोन करून तिने माझ्यासमोरच आईला सांगितलं.

यंदाच्या सीझनला ती बी फोडायला बसली नाही. बाजाराचा हिशोब आणि विक्री तिने घेतली, म्हापशाला तीच जाते. एप्रिलमध्ये मनगटावर दोन छोटे चट्टे आले, वजनकाट्याच्या ताटलीला तेल होतं, लगेच साबणाने धुतलं, मलम लावलं, आठवड्यात गेले. फोडायचं काम नवरा करतो, नायट्राइलचे ग्लोव्हज घालून, पातळ लेटेक्सचे नाहीत, कारण लेटेक्समधून हे तेल आत येतं. सासूने ग्लोव्हज घालून बघितले आणि काढून टाकले, गर निसटतो आणि विळीवर बोट जायची भीती वाटते, आणि तिचं म्हणणं बरोबर आहे, मी शेजारी बसून बघितलं. आता ती फक्त डाव्या हातात घालते, ज्या हाताने बी धरते. सगळ्यात जास्त तेल त्याच हाताला लागतं. उजवा मोकळा, राख शेजारी, आणि एवढ्यावर सध्या आम्हा दोघींचं एकमत झालंय.